खालची खोली

९ मार्च

उमटला! साइटवर आमच्या घराच्या फोटोखाली आज सकाळी तो छोटा निळा शिक्का उमटला: 'खात्रीचे यजमान'. विमा कचेरीतली बावीस वर्षांची खुर्ची सोडून तळ्याकाठच्या या घरातल्या चार खोल्या सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायचं खूळ मी डोक्यात घेतलं, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. तीन वर्षांत आपण होऊन एकही बुकिंग रद्द केलेलं नाही. एकाही पाहुण्याला चादरीवर केस सापडलेला नाही.

हिला शिक्का दाखवला. ही म्हणाली, "छान आहे. आता वरच्या बाथरूमचा नळ बघा, दिवसभर टिपटिपतोय." हिच्यापुढे कोणी राजमुकुट आणला तरी ही आधी विचारेल, हा ठेवायचा कुठे आणि पुसायचा कोणी.

म्हणून आजपासून ही वही. धंद्यात काय काय घडतं ते टिपून ठेवायचं, म्हातारपणी वाचायला मजा येईल. साथीच्या बातम्या रोज येतायत, शहरात मास्क मिळेनासे झालेत म्हणे. इथे तसं काही नाही. उन्हाळ्याची बुकिंगं भरलेली आहेत.

११ मार्च

आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी, शहरात तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, अजूनही समोरच्याच्या नाकाकडे बघून फ्रेम सुचवतात.

"जावईबापू," म्हणाले, "आमच्या इमारतीतून काल दोघांना अँब्युलन्समधून नेलं. तुमच्याकडे एखादी खोली मोकळी असली तर महिनाभर येऊन पडतो म्हणतो. नसली तर नसली, मनावर घेऊ नका."

खोली आहे आणि नाहीही. आप्पांचे गुडघे गेलेत. तिकडे लिफ्ट आहे म्हणून चाललंय. आमच्याकडे तीन खोल्या वर, आम्ही दोघं माळ्यावर, आणि जिन्याशिवायची खोली एकच, खालची. ती सोळा तारखेपासून पंधरा दिवस एका जोडप्याने घेतली आहे.

ही म्हणाली, "मग कळवून टाका त्यांना. माझे वडील येतायत म्हणावं."

मी हिला नियम समजावून सांगितला. पाहुण्याने बुकिंग रद्द केलं तर प्रश्नच नाही. पण यजमानाने रद्द केलं तर शिक्का जातो आणि साइट आपल्याला यादीच्या तळाशी ढकलते, तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही. ही म्हणाली, "जेवणघरात खाट टाकू." आता नाश्त्याला बसलेल्या पाहुण्यांच्या शेजारी आप्पा पांघरूण घेऊन झोपलेले कसे दिसतील? मी तसं म्हणालो. ही कणीक मळत राहिली.

माझा विचार सरळ आहे. बातम्या अशा आहेत की ते जोडपं आपणहून माघार घेणारच. दोन-तीन दिवस कळ काढायची. मग शिक्काही राहील आणि आप्पाही येतील.

१३ मार्च

जोडप्याचा निरोप आला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो, कारण तो वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही.

"सगळीकडचं ऐकून जीव घाबरतोय. तुम्ही तिथले आहात, तेव्हा अगदी खरं सांगा, यावं की नको? तुम्ही नको म्हणालात तर आम्ही आत्ताच्या आत्ता रद्द करतो. आमचं काही म्हणणं नाही."

म्हणजे मी 'नको' एवढं लिहिलं की काम झालं. पण साइटवाले निरोप वाचतात. यजमानानेच नको म्हटलं, असं धरलं तर? मागे एकाचं असंच झालं होतं, मी वाचलं होतं कुठेतरी. अर्धा तास फोन हातात धरून बसलो. शेवटी लिहिलं, "इकडे सगळं शांत आहे. मोकळी हवा, तळं, माणसं कमी. निःशंक या. आम्ही वाट बघतोय." निःशंक हा शब्द दोनदा खोडला आणि पुन्हा लिहिला.

यावर ते रद्द करतील असंच मला वाटत होतं. घाबरलेली माणसं कितीही या म्हटलं तरी येत नाहीत. पण त्यांचं उत्तर आलं, "तुमच्या शब्दाने धीर आला. येतो."

हिने विचारलं तेव्हा सांगितलं, "त्यांच्याशी बोलणं झालं. ते येणारच म्हणतायत." यात अक्षरही खोटं नाही. आधी काय झालं तेवढं सांगितलं नाही, इतकंच.

१६ मार्च

जोडपं आलं नाही. "दोन दिवस उशिरा निघतो, खोली धरून ठेवा," असा निरोप. खालच्या खोलीत फळांची टोपली ठेवली होती, टॉवेलांच्या कडा जुळवून घड्या केल्या होत्या. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येतं. दुपारी ही बराच वेळ त्या खोलीत नुसती उभी होती.

आप्पांचा फोन अकराला आला. "काय जावईबापू, आले का तुमचे पाहुणे?" मी म्हणालो, परवा. "बरं बरं. चांगली सोय ठेवा त्यांची."

१७ मार्च

संध्याकाळी सहाच्या बातम्यांत घोषणा झाली. आज मध्यरात्रीपासून जिल्ह्यांच्या हद्दी बंद. ही टीव्हीसमोरून उठली आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेऊन माझ्यासमोर धरली. "उठा. आत्ता निघा. मी येते बरोबर."

जायला चार तास, यायला चार. सगळा देश आज रस्त्यावर असणार. मधेच बारा वाजले तर आम्हीच अडकायचो, आणि इथे उद्या पाहुणे. मी म्हणालो, पहाटे निघतो. म्हाताऱ्या माणसाला आणायला कोण अडवणार आहे?

हिने किल्ली टेबलावर ठेवली. जोरात ठेवली असंही नाही.

१८ मार्च

चाळीस किलोमीटरवर नाका लागला. आडवा बांबू, त्यामागे तंबू. पोलीस तरुण होता, मास्कच्या वर नुसते थकलेले डोळे. मी सगळं सांगितलं, सासऱ्यांचं वय, गुडघे, इमारतीत निघालेले पेशंट.

"साहेब, काल का नाही निघालात?"

"काल उशीर झाला होता."

"घोषणा सहाला झाली. रात्री अकरापर्यंत मी इथून दोनशे गाड्या सोडल्या. आता माझ्या हातात नाही."

विनवण्या केल्या. माझा आवाज चढला, मग रडवेला झाला, माझी मलाच लाज वाटली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्यावर वळलो. घरी आलो तेव्हा ही फाटकात उभी होती. गाडीत मागे कोणी नाही हे तिने लांबूनच पाहिलं आणि आत गेली.

१९ मार्च

जोडप्याने आज बुकिंग रद्द केलं. "नाइलाज झाला, क्षमस्व." वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो. पहिला विचार असा आला, की शिक्का वाचला. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. तो आल्यावर जेवण गेलं नाही.

२ एप्रिल

सगळी बुकिंगं गेली, जूनपर्यंतची. फोनवर एकेक तांबडी रेघ येत गेली आणि कॅलेंडर पांढरं झालं.

लॉन्ड्रीवाल्याने शेवटचा गठ्ठा आणून दिला. फाटकातूनच म्हणाला, "दादा, आता मीही बंद करतोय. आणि एक सांगतो, खोल्या नुसत्या बंद करून ठेवू नका. वापर थांबला की घर कुबट होतं. तळ्याची ओल भिंतीत चढते." तो कुठे शिकला कोण जाणे, पण खरं आहे. आता रोज सकाळी चारही खोल्यांचे नळ सोडतो, फ्लश ओढतो, खिडक्या उघडतो, आठवड्याने चादरी बदलतो. सवयीने दार ठोठावून आत जातो. काल वरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार ठोठावून चक्क उत्तराची वाट बघत उभा होतो. कोणी पाहिलं नाही हे बरं.

आप्पा रोज अकराला फोन करतात. हिच्याशी बोलून झालं की मला मागतात. आज म्हणाले, "पाहुण्यांचं काय झालं हो शेवटी?" मी म्हणालो, नाही आले. ते म्हणाले, "म्हणजे खोली रिकामीच राहिली. असू दे, असू दे. धंद्यात असं होतं." त्यांनी ते मला धीर द्यायला म्हटलं. मला फोन कानाला धरवेना.

१९ एप्रिल

आप्पांना खोकला. म्हणतात, धुळीचा आहे, कपाट आवरलं. त्यांच्या शेजारणीने हिला वेगळा फोन करून सांगितलं, की दाराशी ठेवलेला डबा काल तसाच होता.

शहरात जाण्याच्या परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. दोनदा फॉर्म भरला, दोनदा अडकला. कारणांच्या यादीत 'भीती' असं काही नाही.

२३ एप्रिल

आप्पांना दवाखान्यात नेलं. शेजारणीने दाराच्या फटीतून पाहिलं. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं होती, आप्पा स्वतःच्या पायाने लिफ्टपर्यंत गेले, हातात पिशवी होती. चष्मा घरी राहिला. ही सारखी तेवढंच म्हणते आहे, "अहो, त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही. त्यांना तिथे कोण काय करतंय ते दिसणार नाही."

२७ एप्रिल

आप्पा गेले. सकाळी सातला दवाखान्यातून फोन आला. आम्हाला जाता येणार नाही.

४ मे

घरात शब्द नाही. ही दिवसभर कामात असते. धुतलेलं पुन्हा धुते. लेकीचा रोज फोन येतो. ती दूर आहे, तिच्या शहरात अडकलेली, नोकरी घरातून. दोघी बोलतात तेव्हा मी बाहेर जातो.

आज भांडी पुसता पुसता ही म्हणाली, "एक विचारू? ते लोक नक्की येणारच होते ना?"

मी म्हणालो, "अगं, येणारच होते. मी तरी काय करणार होतो?"

ही "हं" म्हणाली आणि पुढची ताटली घेतली. मला आधार वाटतो तो एकाच गोष्टीचा, की उत्तराने हिचं समाधान झालेलं दिसलं. हिला आता आणखी त्रास कशाला? झालं ते झालं, खरं सांगून आप्पा परत येणार नाहीत.

१२ मे

हिचं मन कशात तरी रमावं म्हणून आज फोनच हिच्या हातात दिला. साइटवर चार जणांचे निरोप आले होते, कधी सुरू करताय वगैरे. म्हटलं, तू दे उत्तरं, तुझी भाषा साधी आणि चांगली असते. आधी मी काय काय लिहितो ते वर जाऊन बघ, म्हणजे अंदाज येईल.

ही ओट्याशी उभी राहून वाचायला लागली आणि मग खुर्ची ओढून बसली. तासभर तरी वाचत होती. मला इतकं बरं वाटलं! मार्चपासून पहिल्यांदाच हिने धंद्यात लक्ष घातलं. फोन परत दिला तेव्हा चौघांपैकी एकालाही उत्तर दिलेलं नव्हतं. म्हणाली, "गोड लिहिता तुम्ही पाहुण्यांना." मी म्हणालो, धंद्यात गोड बोलावंच लागतं. ही तोंड धुवायला गेली.

१३ मे

आजपासून ही खालच्या खोलीत झोपणार. म्हणाली, "ती खोली वापरात राहायला हवी." अगदी बरोबर. सगळ्यात जास्त ओल तिथेच आहे. मीही वरची एखादी घ्यावी का असा विचार आहे, म्हणजे दोन खोल्या आलटून पालटून वापरात राहतील.

३० मे

हिने खालच्या खोलीतलं तळ्याचं चित्र काढलं, आरसा काढला, फुलदाणी मला आणून दिली. पलंग भिंतीला लावून घेतला. आप्पांचा एक फोटो उशाशी आहे. मी म्हटलं, पाहुणे यायच्या आधी सगळं जागच्या जागी लावावं लागेल हं. ही म्हणाली, "हो ना. पाहुणे."

बाहेर जाताना ही खोलीला कुलूप लावते आणि किल्ली जिन्याजवळच्या हुकाला अडकवते, पाहुणे अडकवतात तशी. शिस्त बघून कौतुक वाटलं.

१४ जून

एकही बुकिंग नाही. भाव खाली आणले, फोटो बदलले, 'निर्जंतुक केलेल्या खोल्या' असं ठळक लिहिलं. दिवसातून पन्नास वेळा कॅलेंडर उघडतो. निळा शिक्का तेवढा आहे. आज तो दिसू नये म्हणून फोन पालथा ठेवला.

चादर बदलायला खाली गेलो, दार ठोठावलं. ही दारातच उभी राहिली, धुतलेली चादर घेतली, मळकी माझ्या हातात दिली. "मी घालते," म्हणाली. "थँक्यू." सव्वीस वर्षांच्या संसारात ही मला कधी थँक्यू म्हणाली नव्हती. जिन्याच्या पायरीवर मळकी चादर मांडीवर घेऊन बसलो. ही थकली आहे, दुसरं काही नाही. दुःखात माणूस तुटक होतोच.

१५ जून

कालचा शेवट खोडावासा वाटतो. दुसरं काही नाही असं मीच मला सांगतोय, आणि ऐकणाराही मीच.

३ जुलै

आज एक काम केलं आणि ते आधी इथे लिहितो, कारण आणखी कुणाला सांगण्यासारखं नाही. जोडप्याबरोबरचे मार्चमधले सगळे निरोप पुसून टाकले. हिच्या कधी नजरेला पडले तर? फोन घरभर पडलेला असतो. आता ते शब्द फक्त या वहीत आहेत, आणि वही माझ्या कपाटात, जुन्या विमा फाइलींच्या खाली.

पुसल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

११ जुलै

लेकीचा फोन. नेहमीसारखं पाऊसपाणी, तब्येत झाली आणि एकदम म्हणाली, "बाबा, आई अजून खालीच झोपते?"

"हो, ओलीसाठी. खोली वापरात..."

"बाबा." मग म्हणाली, "तुम्हाला आईला काही सांगायचंय का? असलं तर सांगून टाका. मी मध्ये पडणार नाही, पण सांगून टाका."

मी म्हणालो, काही नाही गं, आपलं नेहमीचंच. तिने उसासा टाकला तो स्पष्ट ऐकू आला. हिने लेकीला काय सांगितलं असेल? काय सांगण्यासारखं आहे हिच्याकडे?

२२ जुलै

सांगायचं ठरवून तीनदा खाली गेलो. पहिल्यांदा ही कपडे वाळत घालत होती, म्हटलं काम होऊ दे. दुसऱ्यांदा फोनवर होती. तिसऱ्यांदा ही मोकळी होती, व्हरांड्यात तळ्याकडे तोंड करून बसलेली. मी शेजारी बसलो. हिने माझ्याकडे पाहिलं, सरळ आणि बराच वेळ, जसं काही माझ्या तोंडून काही पडणार आहे आणि ते हिला झेलायचंय. मी म्हणालो, "यंदा पाणी बरंच वर आलंय, नाही?"

ही म्हणाली, "हो." मग उठून आत गेली.

मी भित्रा माणूस आहे. बावीस वर्षं लोकांना धोका समजावून सांगायची नोकरी केली आणि स्वतः मात्र सरळ उत्तर द्यायची वेळ आली की असा वागतो.

२९ जुलै

जेवताना समोरासमोर बसतो. ही वाढते, पाणी देते, मीठ हवं का विचारते. एकही वाकडा शब्द नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी माळ्यावर वाऱ्याने उघडझाप करणारी खिडकी बघत पडतो, ही खाली, आणि मधल्या तीन खोल्यांत चार-चार उशा मांडलेल्या. इतकं मोठं घर मला कधीच वाटलं नव्हतं. हिला सांगितलं तर ही जाईल. नाही सांगितलं तरी ही इथे नाहीच आहे. दोन्हीकडून कोंडलो आहे.

१० ऑगस्ट

हद्दी उघडणार! वीस तारखेपासून बस सुरू. आणि तासाभरात बुकिंग आलं. दोन बहिणी, वरची कोपऱ्यातली खोली, वीसलाच, पहिल्याच बसने. मी जवळजवळ ओरडतच खाली गेलो. ही स्वयंपाकघरात होती.

"वीसला? पहिली बस किती वाजता येते?"

"साडेदहा. दहा मिनिटं थांबून तीच परत शहराकडे जाते."

"बरं झालं," ही म्हणाली. हिच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं. पाहुणे आले की घर पुन्हा लायनीवर येईल, हे हिलाही पटलेलं दिसतं. मग सावकाश सांगेनच सगळं. घाई नाही.

१९ ऑगस्ट

खोली तयार केली. खालच्या खोलीतही आज आवराआवर चालू होती, कपाटाची उघडझाप झाल्याचे आवाज येत होते. चित्र आणि आरसा हिने मागून घेतला आणि स्वतः जागेवर लावला. म्हणाली, "आता ही खोलीही देता येईल तुम्हाला." मी खुशीत म्हणालो, म्हणजे तू वर येणार! ही आरसा पुसत होती. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या बोलू."

२० ऑगस्ट

सव्वादहाला मी पाहुण्यांना आणायला निघालो, तर ही फाटकापाशी बॅग घेऊन उभी.

"आप्पांचं घर आवरायचंय," म्हणाली.

"हो, जायलाच हवं. किती दिवस?"

"माहीत नाही."

मी बॅग उचलली. जड होती. चार दिवसांसाठी कोणी एवढी बॅग भरत नाही हे मला तेव्हाच कळलं आणि तरी स्टॉपपर्यंत मी उशांबद्दल बोलत राहिलो. बहिणींना दोन उशा पुरतील की तीन ठेवायच्या होत्या. ही बाजूने चालत होती, मास्क लावून, मध्येच "हं" म्हणत.

बस आली. दोन बायका उतरल्या, हात हलवला. मी त्यांना खुणेनेच थांबा म्हटलं. ही रांगेत उभी राहिली. पुढे तीन माणसं, मग दोन. कंडक्टर एकेकाच्या कपाळाला ते तापमापक लावत होता. पुढे एकच माणूस उरला तेव्हा माझ्या तोंडून सुटलं.

"त्यांनी मला विचारलं होतं. यावं की नको, असं. मी नको म्हटलं असतं तर खोली त्याच दिवशी मोकळी झाली असती. मीच त्यांना या म्हणालो."

ही वळली. मला वाटलं ओरडेल, मला वाटलं रडेल.

"माहीत आहे मला," म्हणाली. "मे महिन्यात तुम्हीच फोन दिलात वाचायला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही चादर घेऊन दारात यायचात ना, प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगतील. मी उघड्या दारात उभी राहायचे. चूक तर कोणाच्याही हातून होते हो. मी तुमच्या चुकीवर नव्हते चिडले, निदान नंतर तरी नव्हते. मी तीन महिने वाट बघत होते." हिचा आवाज फुटला. "आणि तुम्ही आज सांगताय. बस आल्यावर."

"नको जाऊ," मी म्हणालो. "आपण बसून बोलू. मी सगळं सांगतो."

"आता मला ऐकायचं नाहीये."

कंडक्टर म्हणाला, "ताई, चढा, उशीर होतोय." त्याने हिच्या कपाळाला यंत्र लावलं, आकडा बघितला, मान हलवली. मी बॅग वर चढवून दिली. माझ्या हातून तेवढंच झालं. ही पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसली, तळ्याकडच्या. बस गेल्यावर दोघी बहिणींपैकी थोरली जवळ आली आणि अवघडून म्हणाली, "आम्ही चुकीच्या वेळी आलो का?" मी नाही म्हणालो आणि त्यांच्या बॅगा घेतल्या.

२१ ऑगस्ट

बहिणींना नाश्ता दिला, अंडी करपली, त्यांनी न बोलता खाल्ली. त्या तळ्यावर गेल्यावर लेकीला फोन लावला. आई पोचल्याचं तिला कळलेलं होतं. ती काहीतरी बोलायला लागली, मी म्हटलं, "थांब. तुझी आई गेली, आणि ती का गेली हे तुला तिच्याकडून कळलं असेल. पण मला ते माझ्या तोंडाने सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

मग सगळं सांगितलं. तेरा मार्चपासून. साइटच्या नियमाचं सांगितलं नाही, कुठे काय वाचलं होतं तेही सांगितलं नाही, कारण ती कारणं होती आणि आता त्यांचं काही काम नव्हतं. मी काय लिहिलं, हिला काय सांगितलं, सहाला घोषणा झाल्यावर का निघालो नाही, मेमध्ये विचारलं तेव्हा पुन्हा काय सांगितलं, जुलैमध्ये काय पुसलं. आप्पा रोज पाहुण्यांची चौकशी करायचे तेही सांगितलं. तिथे मला रडू आलं, थांबलो, मग पुढचं सांगितलं.

ती मध्ये बोलली नाही. माझं सांगून संपल्यावर म्हणाली, "ऐकलं मी, बाबा," आणि फोन ठेवला.